संशोधनावर लिहिलेली चार पाने

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही नातवंडांनी विचारलेत, "आजी, स्वतःच्या मातृभाषेत कोणी नापास कसे होते?" प्रश्न माझ्या भावाच्या नातीबद्दल होता. फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

तिचे गाव राजेगावजवळ, मध्य प्रदेशाच्या हद्दीत. घरात मराठी, पण बारावीपर्यंतची शाळा हिंदी. पुढे ती नदीपलीकडे, महाराष्ट्रात गोंदियाला बी.ए.ला गेली आणि माध्यम मराठी घेतले. आपलीच भाषा, त्यात अवघड ते काय, असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले. पहिल्या वर्षाच्या सहा विषयांपैकी चारांत ती नापास झाली.

म्हणून गेल्या वर्षी तिचे वडील, म्हणजे माझा भाचा, तिला बालाघाटला माझ्याकडे घेऊन आला. आता इथल्या कॉलेजात नाव घालायचे होते.

"मराठीत नापास होऊन पाह्यली, आत्या. आता हिंदीत होऊन पाह्यते म्हणते," तो बशीत चहा ओतत म्हणाला. मग जरा हळू आवाजात, "या खेपेले नाही जमलं तं घरीच. मी तिले सांगून ठेवलं हाये."

तो गेल्यावर ती म्हणाली, "बाबा बरोबरच बोलून राह्यले. माह्या डोक्यात जातच नाही काही."

तुम्हाला माहीत आहे, कागद क्रमाने लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी तिची फाइल मागितली. बारावीची गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन, पहिल्या वर्षाचा निकाल असे लावत गेले. तळाशी टाचणी लावलेली चार पाने निघाली. समाजशास्त्राचा गृहपाठ होता. विषय, सामाजिक संशोधनाचे महत्त्व. अक्षर मोत्यासारखे, आणि खाली लाल शाईत सरांचा शेरा: "विषयच समजलेला नाही."

मी वाचू लागले. "समाजाचे संशोधन फार गरजेचे आहे," अशी सुरुवात होती. "आमच्या गावात दारूचे संशोधन तर ताबडतोब झाले पाहिजे."

मी इतकी हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. ती रुसली.

"काहून हसतेस? दोन दिवस बसून लिहिलं मी."

"अगं, संशोधन म्हणजे काय?"

"म्हणजे सुधारणा. संविधान में संशोधन होता है ना, तसं."

हिंदीत तसे होते. मराठीत संशोधन म्हणजे शोध घेणे, ज्याला तुम्ही रिसर्च म्हणता. तिने गावात काय काय दुरुस्त करावे यावर चार पाने लिहिली होती. दारू, लग्नातला डीजे, विहिरीवरची भांडणे. लिहिले होते चांगले, फक्त ते प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मग मला नादच लागला. मी हिंदी आणि मराठी असे दोन्ही शब्दकोश जेवणाच्या टेबलावर मांडले आणि आम्ही तिची सगळी जुनी पाने तपासायला बसलो. एका पानावर होते, "माझ्या आजोबांनी घरातल्या सर्व मुलींना शिक्षा दिली." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. माझा भाऊ मात्र त्या सरांच्या नजरेत राक्षस ठरला असणार. दुसरीकडे, "सरकारने शेतकऱ्यांची प्रगती करण्याची चेष्टा केली." तिला प्रयत्न म्हणायचे होते. इथे सरांनी खाडाखोड केली नव्हती. त्यांना ते पटले असावे.

तिसऱ्या दिवशी तीच शब्द शोधून मला दाखवू लागली, हसूही लागली. मी वहीत यादी केली. शाळेत मी इंग्रजी माध्यमात शिकले, मराठी घरात ऐकून आणि पुढे वाचून, त्यामुळे एकच शब्द नदी ओलांडली की अर्थ बदलतो, हे मला फार नवलाचे वाटत होते. पोरगी नापास का झाली याचा छडा लागला, असे मी मनाशी ठरवूनही टाकले.

प्रवेशाच्या दिवशी मी वही घेऊनच तिच्यासोबत गेले. टेबलामागे प्रवेशाचे काम पाहणारे प्राध्यापक होते. त्यांनी निकाल पाहिला आणि भुवया वर केल्या.

"चार विषय में फेल? यहाँ कैसे पास होगी?"

मी वही उघडली. "सर, बात ये है कि मराठी और हिंदी के कुछ शब्द..."

"माताजी, इनको बोलने दीजिए."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, दो पेपर में भाषा की गड़बड़ थी. बाकी दो में मेरी. इतिहास और अर्थशास्त्र मैंने पढ़े ही नहीं थे."

मी वही मिटली. त्या दोन विषयांचा एकही कागद तिने मला दाखवला नव्हता, आणि एवढी क्रम लावणारी मी, माझ्या ते ध्यानातही आले नव्हते.

सरांनी निकालाचा कागद बाजूला ठेवला. "पहला साल फिर से करना पड़ेगा. पिछला कुछ नहीं जुड़ेगा. मंजूर है?"

"हौ, सर."

त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारले, "मला का नाही सांगितलेस?"

"तुले त्या शब्दाईत एवढी मजा येऊन राह्यली होती. कसं सांगू?"

"मग इतिहासाच्या तासाला जायचीस कुठे?"

"कुठंच नाही. मागच्या बाकावर बसून राहत होती. सर काही विचारतील अन् माह्या बोलण्याले सगळे हसतील, याचं भेव वाटे. मग पुस्तक उघडाचंच मन नाही झालं."

म्हणजे यातही थोडी भाषा होतीच. पण हे मी तिला बोलून दाखवले नाही. "बाकी दो में मेरी" हे तिचे तिने म्हटले होते, त्यावर माझी वही कशाला ठेवायची?

आता ती माझ्याकडेच राहते. वर्गातल्या मुली तिच्याहून वर्षाने लहान, तिला दीदी म्हणतात. ते तिला आवडत नाही. विषय निवडताना तिने इतिहास पुन्हा घेतला. परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. इतिहासाचा पेपर कसा गेला, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "येत होतं ते सगळं लिहिलं. पण दोन उत्तरं मले येतच नव्हती, ती सोडून देल्ली."