तात्यांच्या नावाची किल्ली

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दूध प्रकल्पात मी नोकरीला लागलो, तेव्हा संगणक विभागाचे प्रमुख बाजीराव तात्या यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घराला कुलूप लावतोस का न्हाय?"

म्हटलं, "लावतो की."

"मग हितंबी लावायचं."

तात्यांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

इंदापूर तालुक्यातल्या संकलन केंद्रांवरून दुधाच्या फॅटच्या नोंदी रोज आपोआप आमच्याकडे येतात. ते काम स्क्रिप्ट, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, करते. माणूस नसताना पासवर्ड कोण देणार? म्हणून तिला एसएसएच किल्ली, म्हणजे प्रवेशाची एक गुप्त फाइल, द्यावी लागते. तात्यांचा दंडक असा, की प्रत्येक केंद्राची किल्ली वेगळी, तिला नोंदी पाठवण्यापुरतीच मुभा, आणि केंद्रातला संगणक बदलला की ती रद्द. आम्ही त्यांच्या माघारी हसायचो, "तात्या देवालाबी पासवर्ड मागतील!"

माणूस मात्र मायाळू. माझी आई आजारी होती, तेव्हा नरसिंहपूरजवळच्या आमच्या गावी ते स्वतः मोटारसायकलवरून औषधं घेऊन आले आणि चहासुद्धा न घेता परतले.

त्याच तात्यांचा मी घात केला. मुलीच्या लग्नासाठी रजेवर जाताना त्यांनी स्वतःची, सगळीकडे चालणारी किल्ली माझ्या हवाली केली. त्यांची चूक म्हणाल तर एवढीच, माझ्यावरचा विश्वास. "काम झालं की पुसून टाक," म्हणाले. मी कसला पुसतोय! एका केंद्राची स्क्रिप्ट अडली, तर तीच किल्ली तिथे ठेवून दिली. चाललंय ना, मग कशाला हात लावा! पुढे तिथला जुना संगणक किल्लीसकट भंगारात गेला, आणि कुणीतरी त्या किल्लीने आत शिरून महिन्याभराच्या नोंदी पुसून टाकल्या.

चौकशीत नाव निघालं तात्यांचं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना सांगितलं, "व्हय, किल्ली माझीच हाय." मी समोर मिठाची गुळणी धरून उभा! तात्यांची बदली भांडारात झाली आणि त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं गेलं. तरी दुपारी डबा खायला ते मला बोलवत राहिले.

त्यांच्या साठीनिमित्तचा हा लेख मी आधी त्यांना वाचून दाखवला. तात्या भडकले. "आरं, काढून टाक ते. तुला बायकापोरं हायती." तात्या, ऐकायला हवं होतं तेव्हा तुमचं ऐकलं नाही, आता हे एवढं ऐकणार नाही. याच मजकुराचं पत्र आज सकाळी सही करून साहेबांना दिलं आहे.

तात्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले आहेत. ते त्यांनी स्वतःच्या खुर्चीवर काढावेत. मी ती रिकामी केली आहे.