यान चालवणारी बाई खिडकीत बसवली

ग्रुपवाल्यांनो, आज डोकं उठलंय. त्या अंतराळाच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाची सात वर्षं वाट पाहिली. आज केळीची कटाई दिरावर सोडून, पोरीला घेऊन शाहपुरहून बुऱ्हाणपुरला पहिल्या शोला गेले.

पहिल्या भागात ती बाई एकटी यान चालवून सगळ्यांना घरी आणते. तेच बघून मी चाळिशीत स्कूटी शिकले. आता यान तिचा मुलगा चालवतो आणि ती खिडकीत बसून रडते. पूर्ण सिनेमाभर!

पोरगी म्हणते, "मम्मी, वय झालं ना तिचं."

"किती झालं?"

"असेल तुझ्याएवढं."

घरी आले तर दीर म्हणतो, "भाभी, आता कटाई मीच बघत जातो. तुम्ही आराम करा."

थकले तर आहेच मी, खोटं कशाला बोलू? पण आराम मागितला होता का कुणी? तुम्हीच सांगा.