पदराच्या गाठीतलं बिस्कीट

लेक आज आवडत्या कादंबरीतल्या आकारांच्या कुकीज करतेय. ओव्हनमधून तुपाचा खरपूस वास आला आणि मी आलापल्लीच्या बेकरीतल्या भट्टीसमोर जाऊन उभी राहिले.

लहानपणी घरचं पीठ, तूप, साखर नेऊन तिथून बिस्किटं भाजून आणायचो. वाचनालयातली जंगलाची एक कादंबरी ताईला नि मला पाठ होती. एकदा बिस्किटांची तिच्यातली झोपडी केली, होडी केली आणि काळ्या तिळांच्या पट्ट्यांचा वाघ केला.

आई दचकली. मोहफुलं वेचणाऱ्या बाया त्याचं नाव घेत नसत, नुसतं ‘तो’ म्हणत.

"त्याले घरात काऊन आणलं, पोरीहो?" मग आमचे पडलेले चेहरे पाहून हसली. "आण इकडं. उद्या मीच खातो त्याले."

पहाटे ते बिस्कीट पदराला बांधून ती टोपली घेऊन मोहफुलं वेचायला निघाली. आमचं सगळ्यात छान बिस्कीट आईनं नेलं, म्हणून आम्ही केवढ्या खूश!

दुपारी गावकऱ्यांनी तिला चादरीत गुंडाळून आणलं. त्यानं तिला मोहाखालीच गाठलं होतं.

पदराची गाठ ताईनं सोडली. आत तो अख्खा होता. एक तीळसुद्धा पडला नव्हता.