झडपा उघड्या आणि पाइप गरम

सुजाता गेल्याचं मला डोनलने फोनवर सांगितलं. मी शॅननच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद पडलेल्या कारखान्याचे पंखे बघायला गेलो होतो. विकणारा शिडीवर चढून एकेक पंखा फिरवून दाखवत होता आणि मी खाली उभा राहून प्रत्येकाला नावं ठेवत होतो. जुनी यंत्रं घेऊन विकणं हा माझा धंदा आहे, आणि नावं ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही. डोनल हा डब्लिनच्या उत्तरेचा म्हातारा टोमॅटोवाला. त्याच्या काचघरात सुजाताने आणि मी एकत्र काम केलं होतं. "तुझी मैत्रीण गेली रे," तो म्हणाला. "बरेच महिने आजारी होती. तुला माहीत असेलच." मला माहीत नव्हतं. ती आजारी होती हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तोंडातल्या तोंडात "ग्रँड, ग्रँड" म्हणालो. 'ठीक आहे' या अर्थाचा, या देशात राहून जिभेवर बसलेला शब्द, तो तेव्हाही बाहेर पडला. मग मी गाडीकडे निघालो. पंखेवाल्याला वाटलं ही माझी नवी युक्ती आहे. तो शिडीवरून उतरला आणि पार गाडीच्या दारापर्यंत भाव उतरवत माझ्यामागे आला...

सुजाता आणि मी एकाच वर्षी शिकायला आयर्लंडमध्ये आलो. ती नाशिककडच्या द्राक्षवाल्यांच्या घरातली, वनस्पतींच्या रोगांवर अभ्यास करायला आलेली. मी सोलापूरचा, इंजिनिअरिंगला आलेला, पण शिकण्यापेक्षा विकण्यात रमलेला. परत जाणाऱ्या मुलांचे कुकर, गाद्या, सायकली घ्यायच्या आणि नव्याने आलेल्यांना विकायच्या. डब्लिनच्या सँट्री भागातल्या माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. तिथे ती एकदा हवेतला ओलावा शोषणारं यंत्र विकत घ्यायला आली. मी भाव सांगितला. तिने यंत्राकडे पाहिलंच नाही. सरळ जाऊन भिंतीजवळचं कपाट पुढे ओढलं. मागची भिंत काळी झाली होती.

"हे यंत्र तुझ्याकडे किती दिवस आहे?" तिने विचारलं.

"का?"

"भिंतीला बुरशी आलीय. म्हणजे एक तर हे चालत नाही, नाहीतर तुझं डोकं चालत नाही. कशाचे पैसे कमी करतोस, शेठ?"

त्या दिवसापासून मी तिच्यासाठी शेठ झालो. उभ्या आयुष्यात घासाघिशीत मला हरवणारी ती एकटीच. वर उपदेशही करून गेली. आम्ही सगळीच मुलं तेव्हा कपडे खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घालायचो आणि खिडक्या गच्च लावून बसायचो, कारण गॅस महाग आणि गरम केलेली हवा बाहेर सोडणं म्हणजे पाप. "त्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे?" ती म्हणाली. "भिंतीत जातं. आधी खोली गरम कर, मग थोडा वेळ खिडकी उघड. गरम हवा पाणी उचलते, खिडकी ते बाहेर टाकते." मला ते तेव्हाही पटलं नाही. पैसे देऊन गरम करायचं आणि फुकट बाहेर सोडायचं, हे मला कधीच पटलं नाही.

पुढे ती औषधांच्या कारखान्यात लागली, मंदारशी लग्न केलं, अन्वी झाली. मंदार चेरीवूडला नोकरी करतो, सरळ माणूस, माझ्याशी जपून बोलतो. माझा धंदा वाढला. आणि डोनलने टोमॅटो सोडायचं ठरवलं तेव्हा सुजाताच्या डोक्यात आलं की या काचघरात औषधासाठी गांजा लावायचा. परवाना मिळवता मिळवता आम्ही तिघे म्हातारे व्हायची वेळ आली. कुंपण, कॅमेरे, कुलपं, तपासणीला येणारे अधिकारी. यंत्रं माझी, जागा आणि परवाना डोनलचा, पीक तिचं. माल एका औषध कंपनीला ठरलेल्या ताकदीचा द्यायचा, असा करार मी केला होता आणि तो चांगला केला होता. घरी आईला मी सांगितलं की औषधी वनस्पती लावतोय. व्हिडिओवर ती म्हणाली, "तुळस का रे?" सुजाता शेजारीच होती. म्हणाली, "तुळशीची लांबची बहीण आहे, काकू. जरा वाया गेलेली." आई आजही नातेवाइकांना तसंच सांगते.

गांजाचं सगळं मोल त्याच्या तुऱ्यात. फुलं एकमेकांवर दाटत जातात आणि शेंड्याला मुठीएवढा भरगच्च तुरा तयार होतो. तो जितका भरेल तितका विकणाऱ्याला आनंद, आणि तितकाच बुरशीलाही. इथल्या समुद्रावरून येणारं धुकं, पहाटेचा गारठा, पानांवर धरलेलं दव... करड्या बुरशीला आणखी काही लागत नाही. ती तुऱ्याच्या आत, दांडीपाशी सुरू होते. बाहेरून तुरा हिरवागार आणि टवटवीत. फक्त त्यातून डोकावणारं एखादं बारीक पान पिवळं पडतं, आणि चिमटीत धरलं की न ओढता हातात येतं. मग तुरा उकलायचा. आत तपकिरी चिखल आणि वर राखाडी धूळ. ती धूळ एकदा उडाली की काचघरभर पसरते. म्हणून सुजाताने आम्हाला शिकवलं होतं की असा तुरा दिसला तर आधी पंखे बंद करायचे, तुऱ्यावर अलगद पिशवी चढवायची, तोंड आवळायचं आणि मग खालून, चांगल्या दांडीत कापायचं. कात्री स्पिरिटने पुसायची. आणि हे रोज, प्रत्येक झाडाजवळ उभं राहून करायचं. नाशिकला घडाभोवतीची पानं काढतात तशी ती इथे तुऱ्यांभोवतीची पानं काढायची, झाडांमधून हात फिरवून वारा जातोय का ते बघायची. "कूज आल्यावर औषध नाही," ती म्हणायची. "आणि हे आजारी माणसांच्या पोटात जाणारंय. यावर फवारायचं काय? ती येऊच द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात."

येऊ द्यायची नाही म्हणजे पुन्हा तेच. दिवस मावळायच्या सुमारास ती गरम पाण्याचे पाइप चालू करायची आणि त्याच वेळी छताच्या झडपा उघडायची. मी रोज भांडायचो. "अख्ख्या काउंटीला तापवतेस का?" म्हणायचो. "शेठ, मी हवा नाही सोडत, पाणी सोडतेय," ती म्हणायची. डोनल टोमॅटोवाला असल्यामुळे त्याला हे माहीत होतं, पण तो आमच्यात पडायचा नाही. नुसता "युअर मॅन, हा बाबा, पुन्हा सुरू झाला" म्हणत चहा ठेवायला जायचा. एकदा मी तिला स्पष्ट सांगितलं की गॅसचं बिल माझ्या नावावर येतं, मी झडपांच्या बटणाला कुलूप घालीन. ती हसली नाही.

शेवटच्या हंगामात तुरे असे भरले की मी तसे कधी पाहिले नव्हते. ताकद यायला थोडा अवधी हवा होता. मी सँट्रीला त्या औषध कंपनीच्या लोकांबरोबर पुढच्या वर्षाचं बोलत बसलो होतो. करार जवळजवळ झाला होता. संध्याकाळी काचघरात आलो तर सगळं पीक कापलेलं. सगळं. रिकामे दांडे उभे होते, आणि सुजाता वाळवायच्या खोलीत तुरे टांगत होती.

"हे काय केलंस?"

"कूज लागली."

"किती?"

तिने एका पिशवीतून काही तुरे काढून दाखवले. मी ते तिथेच उकलले. एक स्वच्छ निघाला, दुसराही स्वच्छ निघाला, मग एकात आत तपकिरी. "एवढ्यासाठी?" मी ओरडलो. "तूच शिकवलंस ना पिशवी चढवून काढायचं? रोज बघून काढले असते. थोडेच दिवस राहिले होते."

"रोज बघायला कुणीतरी लागतं," ती म्हणाली, आणि पुन्हा तुरे टांगायला लागली.

मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने उत्तर दिलं नाही याचाच मला जास्त राग आला. माल ताकदीत कमी भरला, कंपनीने हात काढून घेतला, आमचं सगळं मोडलं. डोनल आता त्या काचघरात हिवाळ्यात लोकांच्या बोटी ठेवतो. मी सुजाताशी बोलणं सोडलं. दीड वर्ष. मला वाटायचं, ती फोन करील, चूक कबूल करील, निदान भांडेल तरी. माझ्याशी भांडणारं दुसरं कुणी नव्हतं. बाकीचे लोक एक तर गप्प बसतात नाहीतर भाव उतरवतात.

ती गेल्यावर तिच्या आठवणींसाठी काही मराठी मंडळी जमली होती. तिथे कुणीतरी म्हणालं की ती वरून इतकी टवटवीत दिसायची आणि आत रोग, तिच्या झाडांसारखाच... मी उठून बाहेर गेलो. तिचं असं फूल करून टाकलेलं मला सहन होईना. लोक म्हणतात काळ जाऊ दे. काळ जातोय. त्याने काही होत नाही. सकाळी उठलो की तिला काय सुनवायचं ते अजून डोक्यात तयार असतं, आणि सुनवायला कुणी नसतं. तिचं बरोबर होतं की माझं, हे आता कधीच ठरणार नाही, असं मी धरून चाललो होतो. तेवढाच एक आधार होता.

त्यानंतर काही दिवसांनी मी मंदारला भेटायला त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरातच बसलो. अन्वी टेबलापाशी अभ्यास करत होती. मंदारने भात लावला होता, मला जेवून जा म्हणाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग माझ्या तोंडून निघालंच, की मला सांगायला काय झालं होतं.

मंदारने हातातला चमचा पुसून ठेवला. "तिचं पहिलं ऑपरेशन," तो म्हणाला, "पीक कापलं त्याच आठवड्यात होतं. ती हॉस्पिटलमध्ये जायच्या आधी कापून मोकळी झाली."

"मग सांगायचं ना. मी बघितलं असतं. मी रोज गेलो असतो."

"मी पण तेच म्हणालो तिला. शेठला सांग म्हणालो." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "ती म्हणाली, शेठला सांगितलं तर आधी तो डॉक्टरांशी घासाघीस करील. मग मला म्हणेल, तू आराम कर, मी बघतो. आणि तिसऱ्या दिवशी झडपा बंद करील, डोनल त्याला अडवणार नाही. मग ते सडलेलं कुणाच्या तरी औषधात जाईल."

"मी ठेवल्या असत्या उघड्या," मी म्हणालो.

मंदारने कुकरखालचा गॅस बारीक केला.

"एवढं समजत नाही का मला? सांगितलं असतं तर ठेवल्या असत्या. तिने विचारायला हवं होतं. माझा माल होता, माझा करार होता, मला विचारायला नको? परस्पर ठरवून टाकलं माझ्याबद्दल. दीड वर्ष मला असं..." माझा आवाज चढला होता. अन्वीने वहीतून मान वर केली. मी थांबलो. कुकरची वाफ खोलीभर झाली होती, काचांवर पाणी धरलं होतं, आणि तरी मला थंडी वाजत होती. रेडिएटरला हात लावून पाहिला तर चांगला तापलेला. मग पाहिलं, की त्याच्या बरोबर वरची खिडकी वीतभर उघडी होती. बाहेरची थंड हवा सरळ आत येत होती. रेडिएटर चालू ठेवून. मी मंदारला अजून सांगतच होतो की ठेवल्या असत्या, रोज संध्याकाळी स्वतः जाऊन उघडल्या असत्या. बोलता बोलता उठलो.

"लीव्ह इट ओपन, काका," अन्वी म्हणाली. "इट हॅज टु बी ओपन."

माझा हात खिडकीच्या कडीवर होता. मी तो काढून घेतला, कोट चढवला आणि परत जागेवर येऊन बसलो.