पाय हलवू नये

बसल्या जागी पाय हलवलेले माझ्या आईला कधीच खपले नाहीत. जेवताना, अभ्यास करताना कुणाचा गुडघा जरा डुगडुगला की मांडीवर चापट बसायची. "अवलक्षण हाय ते! लक्ष्मी जाती घरातनं." बहिणीला बघायला आलेल्या मुलाच्या मामालाही तिने हे तोंडावर सुनावलं होतं. तरी लग्न जमलं, हे मामांचं मोठेपण.

त्यामुळे साठी उलटल्यावर दिवेलागणीला तिचेच पाय ऐकेनासे झाले, तेव्हा तिला त्रासापेक्षा लाज जास्त वाटली. "हाडात मुंग्या चालत्यात," म्हणायची आणि टेकली न टेकली तोच उठायची. नगरच्या एका डॉक्टरांनी गोळी दिली. त्या दिवशी ती ढाराढूर झोपली आणि आम्ही त्या गोळीला देव मानलं. पुढच्या काही वर्षांत गोळी वाढत गेली, तसा त्रासही वाढला. संध्याकाळची वळवळ दुपारीच सुरू व्हायला लागली, मग हातांतही आली. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, आता ही गोळीच दुखणं वाढवतेय. एकदम बंद करायची नाही, मी सांगेन तशी हळूहळू कमी करायची. पण सोडताना त्रास उसळेल.

तो उसळलाच. मी सुप्याच्या कारखान्यातून घरी यायचो तेव्हा ती लाल डोळ्यांनी अंगणात फेऱ्या मारत असायची. एकदा म्हणाली, "आजचा दिस पुरी गोळी दे बाबा." मला बघवेना, मी डबी आणली. तिने गोळी तळहातावर घेतली, बराच वेळ बघितली आणि परत डबीत टाकली.

"न्हाई. लई लाडावलीय ही."

मग ती शिलाई मशीनवर जाऊन बसली. "हलायचंच हाय ना तुमाला? मग कामाला लागा," हे पायांना.

त्यानंतर रोज संध्याकाळी घरभर पायडलचा आवाज. उशांचे अभ्रे झाले, पडदे झाले, शेजारणींचे उसवलेले परकर झाले. कापड संपलं तेव्हा दोरा न ओवताच ती मशीन चालवत राहिली. एवढी जिद्द मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र मला आत खात होती. दुखणं सुरू झाल्यापासून तिने पायांवरून कुणालाही हटकलं नव्हतं. नातू तिच्यासमोर खुशाल पाय नाचवायचा आणि ती मान वळवायची. कुणाला बोलायचा आपला हक्कच गेला, असं तिने मनाशी धरलं होतं.

गोळी शेवटी सुटली. पाय अजून अधूनमधून कुरकुरतात, पण ती झोपते. परवा दिवेलागणीला आम्ही दोघं ओट्यावर चहा घेत होतो. ती मांडी घालून बसली होती, निवांत. मी फोनवर साहेबांशी बोलत होतो. एवढ्यात माझ्या मांडीवर सणसणीत चापट बसली.

"पाय हलवू नको, अवलक्षण्या!"

चहा सांडला. पन्नाशीला आलेला मी, ढसाढसा रडायला लागलो. साहेब पलीकडून विचारत राहिले, "अहो, घरी सगळं ठीक आहे ना?"