शेलारची फुंक

माझं शेवटचं पोस्टिंग पुण्यात झालं, जखमी जवानांच्या वसतिगृहात. हुद्दा सुभेदार, पाय निकामी, आवाज शाबूत. शेजारच्या खाटेवर नायक महादेव शेलार. मानेखाली त्याचं काही हलत नसे. जेवण दुसऱ्याच्या हातानं, पत्रं दुसऱ्याच्या अक्षरात.

गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले, तो काळ. बिबवेवाडीच्या सुजाता कांबळे सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर होत्या. बुधवार पेठेतून सुटे भाग आणून त्या रविवारी आमच्या वॉर्डात जोडत बसत. त्यातून एक नळी तयार झाली. तिला जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकेक अक्षर उजळायचं. हवं ते उजळलं की शेलारनं नळीत फुंकायचं, अक्षर उमटायचं. पावसाळा संपेपर्यंत तो ओळी लिहू लागला. कांबळेबाईंच्या मॅनेजरनी शब्द दिला: माझ्यासमोर नाव लिहून दाखवा, मजकूर तपासायचं काम खाटेवर मिळेल, पगारासकट.

एवढ्यावर भागलं असतं. पण कार्यक्रम ठरला. फीत आली, समई आली, प्रमुख पाहुणे म्हणून एक जनरलसाहेब आले. ते दारात दिसताच हवालदार मेजर गरजला, "वॉर्ड, सावधान!" मग हार, शाल, नारळ.

"हं, लिहा नाव," मॅनेजर म्हणाले.

पडदा कोराच. अक्षरं उजळली, विझली. कांबळेबाईंनी वायरी चाचपल्या.

"सकाळी चालत होतं, सर."

"सकाळी सगळंच चालतं," मॅनेजर घड्याळ बघत म्हणाले.

मी शेलारकडे पाहिलं. हनुवटी वर, नजर समोर, नळीवर ओठ घट्ट. जनरलसाहेब हारांत गुंतले होते. विश्राम म्हणायचं राहून गेलं होतं. सावधानमध्ये हलायचं नसतं. शेलारला हलवता येईल अशी एकच गोष्ट उरली होती, फुंक. ती त्यानं रोखून धरली होती.

"श्रीमान, विश्रामची परवानगी हवी," मी खाटेवरून म्हणालो.

जनरलसाहेब दचकले. "अं? हो, हो. कॅरी ऑन."

"वॉर्ड, विश्राम!" मी हुकूम सोडला.

पहिलं अक्षर उमटलं.

"अहो शेलार, सांगायचं तरी," कांबळेबाई म्हणाल्या.

त्यानं नळी सोडली. "सावधानमध्ये बोलतात का, मॅडम?"

मग नंबर, हुद्दा, नाव. मॅनेजरनी मान डोलावली. "झालं. सोमवारपासून कामाला लागा." टाळ्या पडल्या. शेलार थांबला नाही. खालच्या ओळीत लान्स नायक विष्णू मोरे.

"हे कोण?" मॅनेजरनी विचारलं.

"त्याच्या गस्तीतला," मी म्हणालो. "तिघं गेले होते. शेलार तेवढा परत आला."

मॅनेजर खुर्ची ओढून बसले. जनरलसाहेबांनी भाषणाचे कागद खिशात घातले. आजवर ऐकलेल्या भाषणांत तेच मला सर्वांत आवडलं. फुंकांचा बारीक आवाज तेवढा येत राहिला.

शेवटी शिपाई दत्ता जाधव. मोरे आणि जाधव त्या गस्तीत डोंगराच्या उतारावरच राहिले. त्यांची नावं शेलार दरवर्षी कुणाकडून तरी लिहून घेत असे. त्या दिवशी ती त्यानं स्वतः लिहिली.