भुलाबाईचा डबा

मला एका जागी बसता यायचं नाही. बसले तर मान हलायची, मान आवरली तर बोटं वाजायची. माय म्हणायची, ह्या पोरीच्या अंगात भिंगरी आहे. शाळेतल्या बाई इतक्या मायेनं बोलायच्या नाहीत. चुळबुळीची शिक्षा म्हणून त्यांनी मला वर्गाच्या डाव्या टोकाला, भिंतीला चिकटवून बसवलं होतं. तिथं तर माझी मान आणखीच फिरायची. सारखी उजवीकडे वळून पोरींकडे बघत बसायची. बाईंना वाटायचं मी गप्पा मारते. मी बाईंचंच ऐकत असायची, पण हे सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं, आणि मलाही समजावता आलं नसतं.

आम्ही अकोल्यात एका जिनाजवळ राहायचो. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. बाबा तिथं काट्यावर कापूस तोलायच्या कामाला होते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की त्या जिनाच्या घरघरीत आमच्या घरांच्या ओळीतली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. पण त्याआधीचे महिने जिन गप्प असायचं आणि त्याचं आवार आम्हा पोरांच्या ताब्यात यायचं. रिकाम्या पिंपात डोकं घालून ओरडायचं. लोंबत्या पत्र्याला काडीनं हाणायचं. पपईच्या देठाची पिपाणी करायची. ज्वारीच्या धांड्याची साल अलगद उचलून खाली काडीचे दोन तुकडे सारायचे आणि ती बोटानं छेडायची. फणीवर पतंगाचा कागद धरून फुंकायचं. घरी आलं की मायचे पेले एका रांगेत मांडायचे, कमीजास्त पाणी भरायचं आणि चमच्यानं वाजवायचे. सूर चढवायचा असला की त्या पेल्यातला एक घोट पिऊन टाकायचा. माय पाणी भरून भरून टेकीला यायची आणि इथं तिची लेक सूर लावता लावता पाणी संपवायची. मार मिळायचा. तो वाजवीच होता.

पण आवाजाच्या बाबतीत मी हुशार आहे, असं ओळीत सगळे मानायचे, आणि ते कळायचं भुलाबाईच्या महिन्यात. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जायचो. त्या घरच्या मातीच्या भुलाबाई-भुलोजींपुढे ओळीनं उभं राहून गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या आणि शेवटी खाऊ ओळखायचा. घरची बाई खाऊ झाकणाच्या डब्यात घालून आणायची. डबा तिच्याच हातात. प्रत्येकीच्या कानाशी नेऊन ती तो खुळखुळवायची आणि आम्ही सांगायचं, आत काय आहे. खारका दगडासारख्या आदळायच्या, शेंगदाणे टपटपायचे, बत्तासे एकमेकांना घासून किरकिरायचे. माझी पाळी आली की मी मान अशी गर्रकन फिरवायची की डबा डाव्या कानावर यायचा. सगळ्या हसायच्या. हिचं नाटक सुरू झालं, म्हणायच्या. पण खाऊ मीच ओळखायची.

आणि ते मला ओळखावंच लागायचं. कारण टिपऱ्यांत मी कच्ची होते. आमची म्होरकी नववीतली एक मुलगी होती. तिला सगळ्या ताई म्हणायच्या. तिचा ठोका मला कधी मिळायचा, कधी निसटायचा. मी पुढं वाकायची, मागं सरकायची, दोघींच्या मधून मान घालायची. ताई वैतागायची. खाऊ ओळखते म्हणून मला ठेवलंय, हे ती तोंडावर सांगायची. त्या महिन्याखेरीज मला कुणी कशात घ्यायचं नाही. त्यामुळे भुलाबाईच्या टोळीतून निघणं म्हणजे माझ्या लेखी सगळ्यातूनच निघणं होतं.

मी चौथीत होते त्या वर्षीची गोष्ट. कोजागिरीला थोडे दिवस उरले होते. आमच्या ओळीत एक नवी सून आली होती आणि तिच्या हातची ती पहिली भुलाबाई होती. घर माणसांनी भरलेलं. माझ्या डाव्या अंगाला दोघी जणी उगाच टिपऱ्या आपटत होत्या. सून डबा घेऊन माझ्यापुढं आली. माझी मान वळायला लागली तशी तिनं हसत हसत माझी हनुवटी घट्ट धरली.

"हालू नको वं भिंगरे. नीट आयक."

आणि तिनं डबा माझ्या उजव्या कानाशी हलवला. मी मान सोडवायला बघतेय, ती सोडत नाही, टिपऱ्या खटखटताहेत, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघताहेत. एकदाचं सुटावं म्हणून मी म्हटलं, "काईच नाही. रिकामा हाय."

भुलाबाईपुढं रिकामा डबा फिरवला, असं नव्या सुनेला तिच्या सासूसमोर म्हणायचं! तिचा चेहरा उतरला. सासू पुढं आली, फटकन झाकण काढलं आणि आतल्या लाह्या मला दाखवल्या. "पाह्य डोळ्यानं! आमी काय देवाले रिकामा डबा दाखोतो?"

बाहेर आल्यावर ताईनं माझ्या हातातल्या टिपऱ्या काढून घेतल्या. "उद्यापासून तू येऊ नको. एका जागी उभी राहत नाही, ठोका मांगं पाडते, अन् आता लोकांच्या घरी जाऊन असं बोलते."

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. माय दारातच उभी होती. तिचा हात वर गेला. "काहून म्हनलं वं तसं?"

"मले वाजलाच नाही तो!" मी ओरडले. "तिनं ह्या कानात वाजोला. ह्या कानात कुठी आयकू येते?"

"म्हन्जे?"

"म्हन्जे काय? हा काई आयकाचा कान नाही."

मायचा हात वरच राहिला.

खरं सांगते, मला तोवर वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. जेवायचं ते उजव्या हातानं, डाव्या हाताची कामं वेगळी. तसाच एक कान ऐकायचा आणि दुसरा आपला जोडीला असतो. ह्यात सांगण्यासारखं काही आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मायनं मला आत ओढलं. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात मूठभर ज्वारी टाकली आणि मला डोळे मिटायला लावले. माझा डावा कान पदरानं दाबून धरला.

"वाजला?" तिनं पदर जरा सैल करून विचारलं.

"वाजीव ना आधी."

तिनं पदर पुन्हा घट्ट दाबला. मी डोळे उघडले तर डबा तिच्या हातात हलत होता आणि ती रडत होती.

मला तिच्या रडण्याचा रागच आला. माझ्या टिपऱ्या गेल्या होत्या आणि ही कानाचं घेऊन बसली होती. मी डबा हिसकावला आणि डाव्या कानाशी वाजवू लागले. मूठभर ज्वारी सळसळायची. मी आणखी एक मूठ टाकली, आवाज जाडा झाला. आणखी टाकली, तर नुसता दबका हुंकार. मला चेव आला. माय डोळे पुसत पुसत मुठी टाकू लागली आणि मी हलवू लागले. डबा काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवलं आणि आवाज बंद. किती हलवलं तरी बंद. "मेला वं डबा!" म्हणून मी हसले. मायसुद्धा हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "किती हाका मारल्या मी तुले. येत नाही म्हनून किती मारलं वं."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की लहानपणी कान वाहिला असेल, तेव्हाच गेला, आता उपाय नाही. माझं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या घंटीकडे होतं. परत येताना मी मायकडून वचन घेतलं की हे ओळीत कुणाला सांगायचं नाही. एकदा बहिरी नाव पडलं की ते जन्मभर निघत नाही, हे मला कळत होतं. मायला त्याच्याही पुढचं कळत होतं, माझ्या लग्नापर्यंतचं. तिनं मान डोलावली.

पुढचे दिवस मी अंगणात नुसती तळमळले. ओळीच्या दुसऱ्या टोकाला टिपऱ्या वाजायच्या, मी दारापर्यंत जायची, परत यायची, पेले मांडायची, मोडायची. दोन लाटणी घेऊन भिंतीवर ठोका धरायची आणि तो धरवला नाही की फेकून द्यायची. माय एकदाही रागावली नाही, त्यानं मी आणखीच चिडायची.

कोजागिरीचं शेवटचं घर दरवर्षी आमचं असायचं. ते टाळून भुलाबाईची बोळवण होत नाही, म्हणून ताईला यावंच लागलं. सगळी टोळी आली, मागून बायका आल्या, ती नवी सूनही आली. गाणी झाली. मी चुलीपाशी उभी राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. मग माय डबा घेऊन आली. तोच, बिस्किटांचा.

तिनं तो पहिल्यांदा ताईच्या कानाशी नेला आणि जोरानं हलवला. मायच्या बांगड्या वाजल्या. ताईनं कपाळाला आठ्या घातल्या. "पुन्हा वाजवा काकू." मायनं पुन्हा हलवला. नुसत्या बांगड्या. ताई गोंधळून म्हणाली, "काईच नाही. रिकामा हा..." आणि तिनं जीभ चावली.

माय पुढच्या मुलीकडे गेली, मग तिच्या पुढच्या. कुणी दोनदा ऐकलं, कुणी कान डब्याला टेकवला. कुणाला काही ऐकू येईना. शेवटी एक लहानगी म्हणालीच, "काकू, रिकामा हाय." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नवी सून माझ्याकडे बघत होती. माय शांत होती. ती चुलीपाशी आली, माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि डबा हलवला.

मलाही काही ऐकू आलं नाही. पण डब्याचं हे गप्प बसणं माझ्या ओळखीचं होतं.

"भरेल हाय," मी म्हटलं. "गच्च."

"कशावरून वं?" ताईनं विचारलं.

"रिकामा डबा एवढा गप्प राहत नाही."

मायनं झाकण उचकटलं. काठोकाठ दाबून बसवलेले फुटाणे उसळून बाहेर आले आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर, भुलाबाईपुढं, पाटावर, ताटात टणटणत गेले. पोरी ओरडत गोळा करायला धावल्या. नव्या सुनेनं वाकून एक फुटाणा उचलला, तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून हसली.

शेवटचं गाणं राहिलं होतं. ताईनं माझ्या टिपऱ्या माझ्यापुढं धरल्या. मी आपली नेहमीसारखी ओळीच्या मधे घुसायला निघाले. तेवढ्यात मायनं मागून माझे दोन्ही खांदे धरले आणि मला थेट उजव्या टोकाला नेऊन उभं केलं. मग ताईला म्हणाली, "तू हिच्या बाजूले राह्य वं माय, लहान हाय ते."

आता सगळी ओळ माझ्या डाव्या हाताला होती. ताईचा पहिला ठोका पडला. दुसरा पडला. माय अजून मागेच उभी होती, मी हलले तर धरायला. मी हललेच नाही.